डीएनएच्या पलीकडे : सजीवांच्या रेणूंचा आढावा

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीचे घटक वजनाने मोजले, तर सुमारे सत्तर टक्के नुसते पाणी निघते. पाणी काढल्यावर जे उरते त्यात निम्म्याहून जास्त प्रथिने असतात, साधारण पाचवा हिस्सा आरएनए आणि दहावा हिस्सा मेद. ज्याचे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, तो डीएनए कोरड्या वजनाच्या जेमतेम तीन टक्के भरतो. वजनावरून महत्त्व ठरत नाही हे खरे. तरीही पाठ्यपुस्तकापासून वर्तमानपत्रापर्यंत ‘डीएनए म्हणजे जीवनाचा आराखडा’ हे वाक्य इतके घोटले गेले आहे, की बाकीचे सत्त्याण्णव टक्के रेणू काय करतात हे विचारायचेच राहून जाते.

डीएनए हा सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा आहे. त्याच्याशिवाय मालकीचा व्यवहार होत नाही, पण उतारा जमीन कसत नाही. पेशीतली मशागत दुसरेच रेणू करतात. ती त्यांच्या आकारांवर चालते, पाण्याशी असलेल्या त्यांच्या नात्यावर चालते आणि क्षणभरही न थांबणाऱ्या ऊर्जेच्या ओघावर चालते. गेल्या दोनशे वर्षांतल्या संशोधनाकडे पाहताना मला हे पुन्हा पुन्हा जाणवते, म्हणून या आढाव्यात डीएनएला जागा आहे, पण पहिली नाही.

कच्चा माल अगदी साधा आहे. माणसाच्या वजनात सुमारे ६५ टक्के ऑक्सिजन, १८ टक्के कार्बन, १० टक्के हायड्रोजन आणि ३ टक्के नायट्रोजन असतो. फॉस्फरस आणि गंधक थोडे, पण त्यांच्यावाचून काहीच चालत नाही. यातले एकही मूलद्रव्य सजीवांची मक्तेदारी नाही. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेट या निर्जीव क्षारापासून युरिया तयार केला आणि त्याच दिवशी, सजीवांचे रेणू घडवणारी एक खास ‘जीवशक्ती’ असते ही कल्पना संपली असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती पुढे सत्तर वर्षे तग धरून होती. १८९७ मध्ये एडुआर्ट बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर चिरडल्या, त्यांचा रस काढला आणि त्या रसात एकही जिवंत पेशी नसताना साखरेचे अल्कोहोल होते हे दाखवले. माझ्या मते खरा घाव हा. जिवंतपणाचे एक काम जिवंत पेशीच्या बाहेर, काचेच्या भांड्यात होऊ लागले आणि जीवरसायनशास्त्राला पायाखाली जमीन मिळाली.

सुरुवात मात्र पाण्यापासून करायला हवी, कारण बाकी सगळे रेणू पाण्यात वावरतात. पाण्याचा रेणू वाकडा असतो. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार आणि दोन्ही हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन भार असतो. त्यामुळे एक रेणू शेजारच्या चार रेणूंशी हायड्रोजन बंध जोडू शकतो. हा बंध नेहमीच्या सहसंयुज बंधापेक्षा साधारण वीस पटींनी दुबळा असतो आणि सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात तुटून दुसरीकडे जुळतो. सजीवांची सगळी लवचीकता या दुबळेपणात आहे. भक्कम बंधांनी रेणूंचा सांगाडा उभा राहतो, दुबळ्या बंधांमुळे ते एकमेकांना ओळखतात, धरतात आणि सोडतात.

तेल पाण्यात मिसळत नाही तेव्हा दोष तेलाचा वाटतो. खरे कारण पाणी आहे. तेलाच्या रेणूभोवती पाण्याच्या रेणूंना आपली रचना बांधून घ्यावी लागते, त्यांची मोकळीक कमी होते. तेलाचे थेंब एकत्र आले की ती मोकळीक परत मिळते. म्हणून तेल एका बाजूला लोटले जाते. याच लोटण्यातून पेशीपटल बनते. त्यातल्या मेदरेणूंचे डोके पाण्याशी जमणारे आणि शेपट्या पाण्याला टाळणाऱ्या असतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले, तर ते आपणहून दुहेरी थरात मांडले जातात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. १९२५ मध्ये लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला आणि तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापतो असे मोजले. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशीचे क्षेत्रफळ कमी धरले होते. दोन्हींनी एकमेकींना छेद दिला आणि उत्तर बरोबर आले. या पटलाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी असते. आत आणि बाहेर असा भेद करणारी ही भिंत बांधायला कोणत्याही जनुकात नकाशा नाही. जनुके मेद बनवणारी विकरे पुरवतात, भिंत पाणी बांधते.

प्रथिनांची गोष्टही पाण्यापाशी येऊन ठेपते. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी. १९५०च्या दशकाच्या आरंभीपर्यंत प्रथिने म्हणजे ठरावीक क्रम नसलेली मिश्रणे असावीत, असे मानणारे रसायनशास्त्रज्ञ होते. केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांनी काही वर्षे खपून इन्शुलिनची एक्कावन्न अमिनो आम्ले एकामागून एक ओळखली आणि प्रत्येक रेणूत तोच क्रम असतो हे सिद्ध केले. आता प्रश्न उरला आकाराचा. क्रिस्तियन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या विकराची घडी रसायनांनी पूर्ण उलगडली. मग ती रसायने काढून घेतली. साखळी पुन्हा पूर्वीसारखी घडली आणि कामही करू लागली. कोणी तिला सांगायला नव्हते. क्रमातच आकार दडलेला होता. पाणी टाळणारी अमिनो आम्ले आत दडतात, पाण्याशी जमणारी बाहेर राहतात आणि मधल्या जागी हायड्रोजन बंध नेमके जुळतात.

या प्रकरणात मद्रासचे जी. एन. रामचंद्रन यांचे नाव ठळकपणे घ्यायला हवे. गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी १९५०च्या दशकाच्या मध्याला कोलॅजेनची तिहेरी पिळाची रचना मांडली. आपली त्वचा, हाडे, कंडरा यांना ताण सोसण्याचे बळ देणारे हे प्रथिन. त्याच्या साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन येते, कारण पिळाच्या मध्यभागी त्याहून मोठे काही मावतच नाही. टीकाकारांनी आक्षेप घेतला की या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात. रामचंद्रन यांनी त्या आक्षेपाचाच प्रश्न केला: अणू किती जवळ येऊ शकतात? त्यातून १९६३ मध्ये रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह त्यांनी तो आलेख प्रसिद्ध केला, जो आज जगभर रामचंद्रन आलेख म्हणून ओळखला जातो. साखळीच्या प्रत्येक दुव्यापाशी दोन कोन फिरू शकतात. त्यांच्या बहुतेक जोड्या अशक्य ठरतात, कारण अणू एकमेकांवर आदळतात. शक्य जोड्यांचे थोडेसे पट्टे उरतात. आजही कुठल्याही प्रयोगशाळेत नव्या प्रथिनाची रचना ठरली की ती या आलेखावर तपासली जाते. साध्या भूमितीतून आणि मर्यादित साधनांतून आलेल्या या कामाला नोबेल मिळायला हवे होते असे मला ठामपणे वाटते.

अनफिन्सन यांचा प्रश्न मात्र पन्नास वर्षे अडून राहिला. क्रम दिला तर आकार सांगता येईल का? २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने बहुतेक प्रथिनांबाबत ते जमवून दाखवले आणि त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. या प्रणालीचे यश ज्यावर उभे आहे ते विसरू नये. १९७१ पासून जगभरच्या संशोधकांनी एकेक स्फटिक वाढवून, एकेक रचना सोडवून सार्वजनिक संग्रहात ठेवली. त्या दीड लाखाहून अधिक रचनांवर ही प्रणाली शिकली. शिवाय साखळी कोणत्या वाटेने घडते, काम करताना कशी हलते आणि जी प्रथिने मुळात ठरावीक आकार घेतच नाहीत त्यांचे काय, हे प्रश्न अजून मोकळेच आहेत.

शर्करांकडे आपण फक्त इंधन म्हणून पाहतो. पेशींच्या बाहेरच्या अंगाला मात्र छोट्या शर्करांच्या फांद्या असतात आणि पेशींची ओळख त्यांवरून ठरते. ए, बी, ओ हे रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीवरील फांदीच्या टोकाला कोणती शर्करा आहे याचा फरक. बी गटात गॅलॅक्टोज, ए गटात तिचेच थोडे बदललेले रूप, ओ गटात दोन्ही नाहीत, फक्त खालची पायाभूत फांदी, जिला एच म्हणतात. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा व्यक्ती सापडल्या, ज्यांच्या रक्तात ही एच फांदीसुद्धा पूर्ण होत नव्हती. फ्यूकोज ही एक शर्करा जोडणारे विकर त्यांच्यात काम करत नाही. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ओ वाटते, पण या लोकांना ओ गटाचे रक्त चढवले तर ते जिवावर बेतू शकते. त्यांना फक्त एकमेकांचेच रक्त चालते. जगभर हा ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणूनच ओळखला जातो आणि भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो.

आता डीएनए. १८६९ मध्ये ट्यूबिंगेनला फ्रीडरिश मीशर यांनी जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून तो प्रथम वेगळा केला. तो आनुवंशिकतेचा वाहक आहे हे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी न्यूयॉर्कला दाखवले. १९५३ ची दुहेरी पिळाची रचना सर्वांना माहीत आहे. वॉटसन आणि क्रिक यांच्या प्रतिकृतीला आधार देणारी रोझलिंड फ्रँकलिन यांची मोजमापे आणि क्ष-किरण छायाचित्र त्यांच्या नकळत केंब्रिजला पोचले होते. १९५८ मध्ये सदतिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांना त्या शोधातल्या समान भागीदार मानणे हाच न्याय आहे. रचनेचे सौंदर्य असे की डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए समोर टी आणि जी समोर सी येत असल्याने एका धाग्यावरून दुसरा लिहिता येतो. पण आपणहून डीएनए स्वतःची प्रत काढत नाही. प्रत काढतात प्रथिने, चुका तपासतात प्रथिने, तुटलेले जोडतात प्रथिने. एका मानवी पेशीतला सुमारे दोन मीटर लांब धागा अब्जांमध्ये एखादीच चूक होऊन पुढच्या पेशीत जातो, याचे श्रेय या दुरुस्ती करणाऱ्यांच्या फौजेला आहे.

लिपी उलगडली ती १९६१ पासून. निरेनबर्ग आणि मॅथाई यांनी फक्त ‘यू’ अक्षरांचा आरएनए पेशींच्या रसात टाकला आणि फक्त फिनिलअलॅनिनची साखळी मिळाली. हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत रचून उरलेल्या तीन अक्षरी शब्दांचे अर्थ लावण्यात मोठा वाटा उचलला. चौसष्टपैकी एकसष्ट शब्द अमिनो आम्लांसाठी, तीन थांबण्यासाठी. पंजाबमधल्या, आता पाकिस्तानात असलेल्या, रायपूर नावाच्या खेड्यातल्या पटवाऱ्याच्या या मुलाने पुढे संपूर्ण जनुकच रसायनांतून बांधून दाखवले. लिपी वाचणारे यंत्र म्हणजे रायबोसोम. त्याची रचना २००० च्या सुमारास अणूंच्या पातळीवर दिसली. त्यासाठी चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकी रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. रचनेत आढळले ते विलक्षण होते. अमिनो आम्ले एकमेकांना जोडण्याची मूळ जागा प्रथिनाची नव्हती, आरएनएची होती. प्रथिने घडवणारा कारागीर स्वतः प्रथिन नाही. आरएनए विकराचे काम करू शकतो हे चेक आणि ऑल्टमन यांनी १९८०च्या दशकातच दाखवले होते, आता तो प्रत्येक पेशीच्या मध्यभागी तेच करताना सापडला. म्हणूनच पृथ्वीवर आधी आरएनएचा काळ असावा, माहिती आणि काम दोन्ही सांभाळणाऱ्या एकाच रेणूचा, ही कल्पना आज सर्वांत भक्कम वाटते. तो आरएनए मुळात कसा तयार झाला, याचे पटणारे उत्तर अजून मिळालेले नाही. १९५३ मध्येच स्टॅनले मिलर यांनी साध्या वायूंमध्ये विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्ले मिळवली होती. तिथून जिवंत पेशीपर्यंतचे अंतर मात्र फार मोठे आहे.

हे सगळे चालायला ऊर्जा लागते आणि तिचे चलन एटीपी. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी थोडाच असतो, पण दिवसभरात मोडून पुन्हा बनवला जाणारा एटीपी जवळजवळ आपल्या वजनाइतका भरतो. तो बनतो कसा हे १९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी सांगितले. अन्नातले इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या साखळीतून उतरत जातात, त्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलाच्या एका बाजूला साठवले जातात आणि परत येताना ते एक फिरते विकर फिरवतात. अनेकांना ही कल्पना पटली नाही. नोबेल १९७८ मध्ये आले. या इलेक्ट्रॉनच्या वाटेवर सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन आहे. ते वनस्पतींच्या पेशींतही असते हे केंब्रिजला दाखवले कमला भागवत यांनी, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवतांच्या या बहिणीला बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला होता. त्यांनी हट्ट धरला, अटी मान्य करून प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, डाळी यांतल्या पोषणावर काम केले. बटाट्यात आणि माणसात इलेक्ट्रॉन वाहणारे तेच प्रथिन असणे, हा सगळ्या सजीवांच्या नात्याचा बळकट पुरावा आहे. मराठी विज्ञानलेखनात कमलाबाईंची ही कामगिरी पहिल्या काही ओळींत यायला हवी.

हे सर्व धागे एकत्र पाहायचे तर सिकलसेल आजाराकडे वळावे. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या, एकूण ५७४ अमिनो आम्ले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते. एखादा आजार एका रेणूतला आजार म्हणून ओळखला जाण्याची ती पहिली वेळ. १९५०च्या दशकातच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका बदल शोधला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन. डीएनएमध्ये एका ‘ए’च्या जागी ‘टी’, एवढेच. पण या एका अक्षराने होते काय, हे डीएनएकडे पाहून कळत नाही. ग्लुटॅमिक आम्ल भारित आणि पाण्याशी जमणारे असते, व्हॅलिन पाणी टाळते. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर पाणी टाळणारा एक खळगा उघडा होतो. व्हॅलिन त्यात जाऊन बसते. एकावर एक रेणू चिकटत लांब, ताठ तंतू होतात, गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि फुटते. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत संपते. रुग्णाच्या हाडांत उठणारी कळ पाण्याने टाळलेल्या त्या एका अमिनो आम्लापासून सुरू होते.

उपायही आकारावरच आहे. गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळी नसते, म्हणून बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषध मोठेपणीही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते आणि त्यामुळे तंतू जुळायला अडचण होते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेला जनुकसंपादनाचा उपचार तेच काम कायमचे करतो, मात्र त्याचा खर्च आपल्याकडच्या रुग्णाच्या आवाक्याबाहेरचा आहे. एकाच पालकाकडून हा बदल आलेल्या वाहकाला सहसा त्रास होत नाही, उलट त्याला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणूनच जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे हा बदल टिकून राहिला.

आपल्याकडे तो विदर्भातल्या अनेक समाजांत आणि नंदुरबार, धुळ्याच्या सातपुड्यातल्या आदिवासींत मोठ्या प्रमाणात आढळतो. काही समाजांत वाहक दहा टक्क्यांहून जास्त आहेत. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य तेव्हा ठरवण्यात आले. आधी रक्ताच्या थेंबावर सोपी विद्राव्यता चाचणी होते, संशय आल्यास हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून खात्री केली जाते. या भागांतल्या वाचकांनी ही तपासणी लग्न ठरवण्याआधी करून घ्यावी, गावातल्या आशाताईंकडे तिची चौकशी करावी आणि वाहक निघालेल्या मुलीला किंवा मुलाला कोणी आजारी समजणार नाही याची काळजी घरच्यांनी घ्यावी.